पीएलसी पॅनलसाठी २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय किती अँपिअरचा घ्यावा?

पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर, मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो. एचएमआय, म्हणजे ऑपरेटरसमोरची स्क्रीन, क्षणभर काळी पडते. वस्तू जवळ आल्याचं ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा दिवा लागलेला दिसतो, पण इनपुट येत नाही. अशी तक्रार आली की संशय आधी प्रोग्रामवर जातो, मग केबलवर, आणि शेवटी पीएलसीच बदलला जातो. अशा बऱ्याच पॅनलमध्ये मूळ दोष मला २४ व्होल्टच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे एसीवरून २४ व्होल्ट डीसी करणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये, सापडला आहे. कधी तो लहान निवडलेला असतो. कधी पुरेसा मोठा असूनही त्याच्या पुढचं संरक्षण असं असतं की एका व्हॉल्व्हची वायर शॉर्ट झाली तरी अख्खं मशीन झोपतं.

पॅनल डिझाइनमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना हा हिशेब कुणी नीट बसून शिकवत नाही. ‘मागच्या जॉबला दहा अँपिअरचा लावला होता, तोच टाक’ असं सांगून विषय संपवला जातो. म्हणून इथे एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशेब मांडतो. उदाहरण मध्यम आकाराच्या हायड्रॉलिक प्रेसच्या पॅनलचं आहे. चाकणपासून वाळूजपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असं मशीन सहज भेटेल, आणि त्यात हलके, जड, सतत चालणारे आणि क्षणभर ओढणारे असे सगळ्या प्रकारचे लोड असतात.

बसण्यापूर्वी जमवायच्या गोष्टी

- पॅनलचं वायरिंग ड्रॉइंग आणि सामानाची यादी
- प्रत्येक उपकरणाची डेटाशीट. विक्रेत्याचं एक पानी माहितीपत्रक पुरत नाही.
- हायड्रॉलिक किंवा न्यूमॅटिक सर्किट, प्रत्येक कॉइलच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या) वॅटसह
- मशीनचा सिक्वेन्स, म्हणजे कुठल्या टप्प्यावर कुठली कॉइल चालू असते त्याचा तक्ता
- पॅनलपासून प्रत्येक जंक्शन बॉक्सपर्यंतच्या केबलची लांबी
- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणि साधा मल्टिमीटर

क्लॅम्प मीटर विकत घेताना बघून घ्या. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प डीसी वायरवर शून्य दाखवतो, आणि नवख्या माणसाला वाटतं की लोडच नाही. डीसी करंटचं चिन्ह आणि शून्यावर आणण्याचं बटण असलेलाच मीटर घ्या. त्यात कमाल वाचन धरून ठेवण्याची सोय असेल तर फारच उत्तम.

१. २४ व्होल्टवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा

ड्रॉइंगची पानं एकेक करून उलटा आणि जिथे जिथे प्लस २४ ची वायर जाते ती प्रत्येक वस्तू कागदावर उतरवा. पीएलसी आणि एचएमआय कुणी विसरत नाही. विसरतात ते इथरनेट स्विच, सेफ्टी रिले, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा), टॉवर लॅम्प, बझर, ट्रान्समीटर, एन्कोडर, पॅनलचा २४ व्होल्टचा पंखा, पुश बटणातले दिवे आणि ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचा) कंट्रोल सप्लाय. सर्व्हो मोटरला ब्रेक असेल तर तोही इथेच येतो, आणि त्याची ओढ किरकोळ नसते.

ग्राहकाने पुढे काही जोडायचं ठरवलं असेल, उदाहरणार्थ बारकोड रीडर किंवा वायफायचा मोडेम, तर आत्ताच विचारून त्याचीही ओळ लिहा.

२. प्रत्येकासमोर करंट लिहा

डेटाशीटमध्ये वॅट दिलेले असतील तर त्याला २४ ने भागा. ३० वॅटची हायड्रॉलिक कॉइल १.२५ अँपिअर घेते. ५.४ वॅटची डीसी कॉइल असलेला कॉन्टॅक्टर ०.२२५ अँपिअर घेतो. नेहमीच्या प्लग-इन रिलेची कॉइल साधारण ३७ मिलिअँपिअर घेते, तर डिन रेलवरचे ६ मिलिमीटर रुंदीचे इंटरफेस रिले दहाच्या आसपास.

इथे तीन ठिकाणी गल्लत होते.

पहिली सेन्सरची. प्रॉक्सिमिटीच्या डेटाशीटवर २०० मिलिअँपिअर असं ठळक लिहिलेलं असतं. ती त्याच्या आउटपुटची क्षमता आहे. सेन्सर स्वतः साधारण १० ते १५ मिलिअँपिअरच घेतो. चोवीस सेन्सर गुणिले २०० करून पावणेपाच अँपिअर धरलेला हिशेब मी पाहिलेला आहे, आणि खरा आकडा ०.३६ अँपिअर होता.

दुसरी पीएलसीची. इथे दोन वेगळे आकडे असतात: पीएलसीने स्वतःसाठी आणि त्याच्या कार्डांसाठी ओढलेला करंट, आणि आउटपुट कार्डातून पुढे व्हॉल्व्हकडे गेलेला करंट. दुसरा आकडा व्हॉल्व्हच्या ओळीत आधीच आलेला असतो, तो पुन्हा मोजू नका. सिमेन्सचा एस७-१२०० मालिकेतला १२१४सी घेतला तर फक्त सीपीयूसाठी ५०० मिलिअँपिअर आणि सगळी विस्तार कार्डं लावली तर १.५ अँपिअर असे आकडे डेटाशीटमध्ये आहेत. तुमच्या पीएलसीचे असेच दोन आकडे शोधा आणि मोठा धरा.

तिसरी ४ ते २० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरची. दोन वायरचा ट्रान्समीटर बिघडला की २० च्या वर जाऊ शकतो, म्हणून प्रत्येकी २५ धरा.

आता आपल्या प्रेसची कंट्रोलची यादी अशी होते:

- पीएलसी आणि कार्डं: १.५ अँपिअर
- एचएमआय: ०.५
- इथरनेट स्विच: ०.१
- दोन सेफ्टी रिले: ०.२
- लाइट कर्टन: ०.३
- २४ प्रॉक्सिमिटी: ०.३६
- दोन प्रेशर ट्रान्समीटर: ०.०५
- १६ इंटरफेस रिले: ०.१६
- टॉवर लॅम्प आणि बझर: ०.१५

बेरीज ३.३२ अँपिअर.

आणि जड लोड: ३० वॅटच्या १० हायड्रॉलिक कॉइल, म्हणजे १२.५ अँपिअर, अधिक पंपाच्या स्टार-डेल्टा स्टार्टरचे तीन डीसी कॉन्टॅक्टर, ०.६७५ अँपिअर.

सगळं मिळून साडेसोळा अँपिअर होतं. इथेच थांबलात तर २० अँपिअरचा एसएमपीएस मागवाल. थांबू नका.

३. एकाच वेळी काय काय चालू असतं ते बघा

दहाच्या दहा कॉइल एकाच क्षणी कधीच चालू नसतात. दोन कॉइलच्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकदम करंट देणं चूकच आहे. सिक्वेन्सचा तक्ता समोर घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर चालू असलेल्या कॉइल मोजा: रॅम वेगाने खाली, मग सावकाश दाब, दाब धरून ठेवणं, दाब सोडणं, रॅम वर, इजेक्टर. आपल्या प्रेसमध्ये सर्वात जड टप्प्यावर चार कॉइल चालू आहेत असं धरू.

पण टप्पा बदलताना काय होतं, तेही बघा. पुढची कॉइल चालू होते तेव्हा मागची सुटलेली असतेच असं नाही. प्रोग्राममध्ये काही मिलिसेकंदांचा आच्छादित काळ मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर रॅमला झटका बसतो. म्हणून चाराऐवजी पाच धरा. पाच गुणिले १.२५ म्हणजे ६.२५ अँपिअर. स्टार-डेल्टामध्ये मेन आणि स्टार किंवा मेन आणि डेल्टा असे दोनच कॉन्टॅक्टर एकावेळी, म्हणजे ०.४५. बेरीज ६.७ अँपिअर.

साडेसोळावरून आपण दहावर आलो. हा टप्पा प्रोग्राम लिहिणाऱ्याबरोबर बसूनच करा. मॅन्युअल मोडमध्ये ऑपरेटर एकावेळी किती बटणं दाबू शकतो हेही त्याला विचारा. ऑटो सायकलमध्ये कधी न होणारी जोडणी सेटिंग करताना मॅन्युअलमध्ये होते.

४. क्षणभराची ओढ

हायड्रॉलिकच्या डीसी कॉइलची सुरुवातीची उसळी नसते. तिचा करंट हळूहळू चढून स्थिरावतो. पण बाकी काही गोष्टी सुरुवातीला त्यांच्या नेमप्लेटच्या कितीतरी पट घेतात. २४ व्होल्टची डीसी मोटर किंवा मोठा पंखा त्यातलाच. ज्यांच्या आत मोठे कपॅसिटर आहेत असे ड्राइव्ह, एचएमआय, औद्योगिक संगणक हे मेन स्विच चालू केल्याच्या क्षणी एकदम चार्ज व्हायला बघतात. वर उल्लेख केलेल्या पीएलसीचीच सुरुवातीची ओढ २८.८ व्होल्टला १२ अँपिअरपर्यंत जाते असं त्याची डेटाशीट सांगते, अर्थात अगदी अल्पकाळ.

एसएमपीएस इथे कसा वागतो हे त्याच्या डेटाशीटमधल्या ओव्हरलोडच्या ओळीत लिहिलेलं असतं, आणि ही ओळ किंमतीइतकीच लक्ष देऊन वाचायला हवी. काही सप्लाय ओव्हरलोडमध्ये करंट स्थिर ठेवतात आणि व्होल्टेज खाली येऊ देतात. कपॅसिटर भरले की ते सावरतात. दुसऱ्या प्रकारचे सप्लाय बंद होतात, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा बंद होतात. या प्रकाराला हिकप मोड म्हणतात. जड सुरुवात असलेल्या पॅनलमध्ये हिकपवाला सप्लाय कधीकधी उभाच राहत नाही, अगदी सरासरी लोड त्याच्या क्षमतेच्या निम्मा असला तरी. काही चांगल्या मालिकांमध्ये काही सेकंद दीडपट करंट देण्याची सोय असते. सर्व्होचे ब्रेक आणि मोटरी असतील तिथे मी तशाच मालिका निवडतो.

५. कंट्रोल आणि व्हॉल्व्ह वेगळे करा

माझं ठाम मत आहे: हायड्रॉलिक कॉइल आणि पीएलसी एकाच एसएमपीएसवर ठेवू नका. एक कॉइल जळून शॉर्ट झाली की सप्लायचं व्होल्टेज कोसळतं आणि त्याबरोबर पीएलसीही जातो. नेमका बिघाड सांगण्याची ज्याच्यावर जबाबदारी, तोच बेशुद्ध होतो. दोन सप्लाय असतील तर पीएलसी जागा राहतो आणि स्क्रीनवर अलार्म दिसतो.

दुसरा फायदा सेफ्टीचा. इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर सेफ्टी रिलेने फक्त व्हॉल्व्हचा सप्लाय तोडायचा, तोही डीसी बाजूला. इनपुटचा एसी तोडला तर एसएमपीएसच्या कपॅसिटरमधला साठा संपेपर्यंत कॉइल चालू राहतात, आणि प्रेससारख्या मशीनवर तेवढा वेळही धोक्याचा असतो.

दोन सप्लाय घेतले की एक काळजी घ्या. ट्रान्झिस्टर आउटपुटचं कार्ड व्हॉल्व्हच्या सप्लायवर चालवताना दोन्ही सप्लायचे शून्य व्होल्ट एकत्र जोडावे लागतात, नाहीतर आउटपुट विचित्र वागतात. आउटपुट आयसोलेटेड, म्हणजे पीएलसीच्या आतल्या सर्किटपासून विजेने वेगळे, असतील तर कार्डाची डेटाशीट काय म्हणते ते बघा. प्लस मात्र कधीही एकत्र करू नका. करंट वाढवण्यासाठी दोन सप्लाय समांतर जोडायचे असतील तर त्या मालिकेत तशी परवानगी आणि सोय आहे का हे आधी तपासा. सोय नसेल तर जास्त व्होल्टेजवाला सगळं ओझं उचलतो आणि दुसरा नुसता बसून राहतो.

६. राखीव किती ठेवायचं

२० ते ३० टक्के. मी २५ धरतो. कंट्रोलसाठी ३.३२ गुणिले १.२५ म्हणजे ४.१५ अँपिअर. व्हॉल्व्हसाठी ६.७ गुणिले १.२५ म्हणजे जवळपास ८.४ अँपिअर. बाजारात सहज मिळणारी मापं २.५, ५, १०, २० आणि ४० अँपिअर ही आहेत, म्हणून एक ५ चा आणि एक १० चा.

राखीव एकदाच धरा. यादी करणाऱ्याने वीस टक्के, डिझाइनरने वीस टक्के आणि खरेदी विभागाने ‘असू दे मोठा’ असं करत गेलं की दुप्पट माप येतं. फाजील मोठा सप्लाय म्हणजे नुसता जास्त खर्च नाही. त्याचा शॉर्ट सर्किट करंट मोठा, म्हणजे पुढच्या वायरही जाड हव्यात, आणि पॅनलमध्ये जागा जाते ती वेगळी.

७. पॅनलच्या आतलं तापमान

हिशेब कागदावर जमतो आणि उन्हाळ्यात मोडतो, तो या पायरीमुळे.

एसएमपीएसवर छापलेले अँपिअर विशिष्ट तापमानापर्यंतच खरे असतात. काहींचे ५० अंशांपर्यंत, काहींचे ६० अंशांपर्यंत. त्याच्या पुढे क्षमता उतरत जाते. डेटाशीटमध्ये डीरेटिंगचा आलेख असतो, तो उघडून बघा. दर अंशाला अडीच टक्के घट हा बऱ्याच ठिकाणी आढळणारा आकडा आहे.

आता तापमान कुठलं धरायचं? सप्लायच्या भोवतालच्या हवेचं, म्हणजे पॅनलच्या आतलं. चंद्रपूर किंवा नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. शेडमध्ये भट्टी असेल तर विचारायलाच नको. पॅनलच्या आत ड्राइव्ह, ट्रान्सफॉर्मर, कॉन्टॅक्टर आणि एसएमपीएस स्वतः उष्णता सोडतात. २४० वॅटचा सप्लाय ९० टक्के कार्यक्षम असला तरी पूर्ण लोडवर सुमारे २७ वॅट उष्णता पॅनलमध्येच टाकतो. बंद पॅनलमध्ये आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त असणं नवलाचं नाही. म्हणजे ६० अंश.

५० अंशांनंतर अडीच टक्क्यांनी उतरणारा १० अँपिअरचा सप्लाय ६० अंशांवर ७.५ अँपिअरचा उरतो. आपल्याला ६.७ लागतात. चालेल, पण २५ टक्के राखीव बाराच्या आसपास आलं. ५ चा ३.७५ होतो आणि लागतात ३.३२. तीच गत. अशा वेळी दोन मार्ग असतात: ६० अंशांपर्यंत पूर्ण क्षमता देणारी मालिका घ्या, किंवा पॅनल थंड ठेवा. मी पहिला मार्ग पसंत करतो. पंख्याचं फिल्टर धुळीने भरतं आणि ते साफ करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सिमेंट, ऊस आणि फाउंड्रीच्या कारखान्यांत तर नाहीच राहत.

उष्णतेचा आणखी एक परिणाम सावकाश होतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून एसएमपीएस ड्राइव्हच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर बसवू नका. वर आणि खाली डेटाशीटमध्ये सांगितलेली मोकळी जागा सोडा, साधारण ४० ते ५० मिलिमीटर तरी. वायर डक्ट त्याला चिकटवून ती जागा खाणं ही पॅनल शॉपमधली रोजची चूक आहे. आडवा किंवा उलटा बसवलात तर क्षमता आणखी उतरते.

८. इनपुटची बाजू

इनपुटमध्ये तीन गोष्टी बघा.

सप्लाय ८५ ते २६४ व्होल्ट असा पूर्ण पट्टा आपोआप घेतो, की ११५ आणि २३० साठी बाजूला छोटा स्विच आहे? स्विचवाला असेल तर बसवण्यापूर्वी तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर राहिलेला सप्लाय २३० दिल्याक्षणी जातो.

कारखान्यात न्यूट्रल भरवशाचा नसेल तर २३० थेट घेऊ नका. न्यूट्रल सुटला की फेजवर ३०० च्या पुढेही व्होल्ट जाऊ शकतात. ४१५ वरून २३० करणारा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा थेट तीन फेजवर चालणारा एसएमपीएस घ्या. ट्रान्सफॉर्मरचं माप काढताना एसएमपीएसचे वॅट धरू नका. डेटाशीटमधला इनपुट करंट घ्या आणि २३० ने गुणा. पॉवर फॅक्टर सुधारणा नसलेला १२० वॅटचा सप्लायही २५० व्हीएच्या पुढे जाऊ शकतो.

आणि होल्ड-अप टाइम, म्हणजे इनपुट गेल्यावर सप्लाय आउटपुट टिकवून धरतो तो वेळ. पूर्ण लोडवर तो साधारण २० मिलिसेकंद असतो, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची एक सायकल. शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर थेट चालू झाली आणि व्होल्टेज त्याहून जास्त वेळ दबलं तर पीएलसी जाणार. अशा जागी कंट्रोलच्या सप्लायपुढे बफर मॉड्यूल किंवा बॅटरीचा डीसी यूपीएस लावा. त्याचा चार्जिंग करंटही यादीत धरावा लागतो.

एमसीबी, म्हणजे जास्त करंटला पडणारा छोटा ब्रेकर, किती पट करंटला झटक्यात पडतो हे त्याचा कर्व्ह सांगतो. इनपुटला लवकर पडणारा बी कर्व्हचा एमसीबी लावला तर चालू करताना उगाच पडतो, कारण थंड सप्लायची सुरुवातीची ओढ मोठी असते. सी कर्व्ह घ्या, माप डेटाशीटमधून.

९. आउटपुटचं संरक्षण

इथे थोडा जास्त वेळ थांबू या. बहुतेक पॅनलमध्ये मी हेच चुकलेलं पाहतो.

रीत अशी आहे की एसएमपीएसच्या पुढे प्रत्येक शाखेला ४ किंवा ६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी लावायचा. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण आकडे मांडून बघा. सी कर्व्हचा एमसीबी झटक्यात पडण्यासाठी एसीवर त्याच्या मापाच्या ५ ते १० पट करंट लागतो. डीसीवर हे आकडे साधारण दीडपट होतात. म्हणजे ४ अँपिअरचा एमसीबी खात्रीने लगेच पडण्यासाठी ६० अँपिअर हवेत. आपला १० अँपिअरचा सप्लाय जोर लावून फार तर १५ देईल. ते एमसीबीच्या उष्णतेने पडण्याच्या टप्प्यात बसतात, म्हणजे पडायला काही सेकंद जातील. तेवढ्या वेळात व्होल्टेज कोसळलेलं असतं आणि त्या सप्लायवरच्या बाकी सगळ्या शाखा बंद झालेल्या असतात. शॉर्ट झालेली शाखा कुठली हे मात्र कुणालाच कळत नाही, कारण एमसीबी सगळे वरच.

‘मग ४० अँपिअरचा सप्लाय घेऊ’ असं सुचेल. तेही उपयोगाचं नाही, कारण वायरच आडवी येते. ३० मीटर दूरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत १ स्क्वेअर एमएमची वायर गेली आहे. लवचिक तांब्याच्या या वायरचा रोध किलोमीटरला १९.५ ओहम. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे १.१७ ओहम. २४ भागिले १.१७ म्हणजे जास्तीत जास्त साडेवीस अँपिअर. सप्लाय कितीही मोठा आणा, तिथल्या शॉर्टमध्ये याहून जास्त करंट वाहूच शकत नाही. ४ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला लागणारे ६० अँपिअर कुठून येणार?

यावर तीन उपाय आहेत. सर्वात स्वस्त म्हणजे फ्यूज टर्मिनल आणि त्यात लोडच्या मापाचा लहान, जलद काचेचा फ्यूज. एका व्हॉल्व्हला २ अँपिअरचा फ्यूज १५ अँपिअरवर पटकन उडतो. टर्मिनलला दिवा असलेला घ्या, म्हणजे उडालेला फ्यूज दिसतो. दुसरा, झेड कर्व्हचा एमसीबी. तो एसीवर २ ते ३ पटीला पडतो, डीसीवर साडेचार पट धरा, म्हणजे ४ अँपिअरचा १८ ला. वायरच्या साडेवीस अँपिअरच्या उदाहरणात अगदी काठावर जमतं, पण फार तर १५ देणाऱ्या सप्लायवर नाही. तिसरा आणि माझ्या मते सर्वोत्तम म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर. त्याच्या प्रत्येक चॅनलला करंट ठरवता येतो, शॉर्ट झालेला चॅनल तो स्वतः मर्यादित करून तोडतो, बाकीचे चालू राहतात आणि पीएलसीला सिग्नलही देतो. सिमेन्स, फिनिक्स काँटॅक्ट, मुरइलेक्ट्रॉनिक, वाइडम्युलर अशा सगळ्यांकडे तो मिळतो. किंमत बघून ग्राहक कचरतो. त्याला एका शिफ्टच्या थांबलेल्या उत्पादनाशी ती ताडून बघायला सांगा.

प्रत्येक कॉइलला फ्रीव्हीलिंग डायोड (कॉइल सुटताना तिच्यातल्या करंटला वाट देणारा डायोड) आहे ना, हेही याच वेळी बघा. तो नसेल तर कॉइल सुटताना उसळणारं व्होल्टेज आउटपुट कार्ड खातं.

१०. लांबच्या लोडपर्यंत व्होल्टेज पोहोचतं का?

प्रेसचं व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा, पॅनलपासून ६० मीटरवर आहे आणि एका केबलच्या समाईक जोडीतून २ अँपिअर जातात असं समजा. जाऊन-येऊन १२० मीटर.

- ०.७५ स्क्वेअर एमएम, किलोमीटरला २६ ओहम: ६.२ व्होल्ट वायरमध्येच गेले, पोहोचले १७.८.
- १.५ स्क्वेअर एमएम, १३.३ ओहम: ३.२ गेले, पोहोचले २०.८.
- २.५ स्क्वेअर एमएम, ७.९८ ओहम: १.९ गेले, पोहोचले २२.१.

व्हॉल्व्हची मर्यादा उणे १० टक्के असेल तर २१.६ तरी हवेत. म्हणजे २.५ स्क्वेअर एमएमच. पीएलसीला २०.४ ते २८.८ व्होल्टपर्यंत चालतं, पण तो पॅनलमध्येच असतो. भोगावं लागतं ते टोकाच्या कॉइलला.

सप्लायवरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज २६ करायचा मोह होतो. थोडं वाढवायला हरकत नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सप्लायचे एकूण वॅट तेवढेच राहतात, त्यामुळे २४० वॅटचा सप्लाय २६ व्होल्टला ९.२ अँपिअरच देतो. आणि पॅनलजवळच्या कॉइलला १० टक्के जास्त व्होल्टेज मिळालं तर ती २१ टक्के जास्त तापते. वायर जाड करणं हाच धड मार्ग.

११. शून्य व्होल्टचं अर्थिंग

शून्य व्होल्ट एकाच ठिकाणी, एसएमपीएसजवळ, पॅनलच्या अर्थ बारला जोडा. काढता येईल अशा लिंकमधून जोडा, म्हणजे तपासणीच्या वेळी सोडवता येतो. हे न केल्यास दोन ठिकाणी वायर घासून बॉडीला लागल्या तर कुठलीही कमांड नसताना कॉइल ओढली जाऊ शकते. प्रेसवर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. अर्थ केलेला असेल तर पहिल्याच दोषाला फ्यूज उडतो.

१२. खरेदी

मुंबईची लोहार चाळ असो की पुण्याची तपकीर गल्ली, अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या. त्याच क्रमांकाची डेटाशीट कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून पॅनलच्या फाइलमध्ये लावा. एका अक्षराच्या फरकाने तापमानाची मर्यादा बदलते.

१३. चालू केल्यावर मोजा

मशीन थंड असताना, सकाळी पहिल्या सायकलला मोजा. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून थंड कॉइल सर्वात जास्त करंट घेते. दुपारी तापलेल्या मशीनवर घेतलेलं वाचन कमी येतं आणि खोटा दिलासा देतं.

डीसी क्लॅम्प शून्य करा, व्हॉल्व्हच्या सप्लायच्या प्लस वायरवर लावा, कमाल वाचन धरून ठेवण्याचं बटण दाबा आणि पूर्ण सायकल चालवा. मग मॅन्युअलमध्येही सर्वात जड जोडणी करून बघा. आपल्या हिशेबात ६.७ आले होते. मीटरवर ८ दिसले तर कुठली तरी कॉइल यादीबाहेर आहे. ती शोधा.

मल्टिमीटर सर्वात लांबच्या कॉइलच्या प्लगवर लावून, कॉइल चालू असतानाचं व्होल्टेज नोंदवा. नुसत्या सप्लायच्या टर्मिनलवरचं वाचन काही सांगत नाही.

मग ग्राहकाच्या इंजिनिअरसमोर एका शाखेचा मुद्दाम शॉर्ट करून दाखवा. त्याच शाखेचा फ्यूज किंवा ब्रेकर पडला पाहिजे आणि एचएमआय चालू राहिला पाहिजे. हे मशीन उत्पादनात जाण्याआधी करा, रॅम खाली टेकलेला आणि पंप बंद असताना.

शेवटी मे महिन्यात एकदा परत जा. पॅनलचं दार बंद ठेवून तासभर चालवलेल्या मशीनमध्ये एसएमपीएसच्या खालच्या बाजूच्या हवेचं तापमान थर्मोकपलने घ्या. तो आकडा, कमाल करंट, लांबच्या टोकाचं व्होल्टेज आणि तारीख एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.